भैरोबाच्या मंडपाचे पत्रे

माझी बायको गेली त्याला दोन दिवाळ्या झाल्या. सकाळी उठलो की आता कुणीतरी आपल्याला खडसावणार असं अजून वाटतं, आणि कुणी खडसावत नाही. भेटायला येणारी माणसं म्हणतात, बाई स्वभावानं लई गरीब होती. मला त्याचा राग येतो. ती गरीब अजिबात नव्हती. ती तोंडानं फटकळ, मी तिच्याहून फटकळ, म्हणून तर आमचं जमलं. तिनं एकदा निवडून आलेल्या साहेबांना भर उन्हात, शेकडो माणसांसमोर जे सुनावलं ते आज गावात फारसं कुणाला ठाऊक नाही. ज्यांनी ऐकलं त्यातली निम्मी तरी गेली. मी चौथीपर्यंत शिकलेलो. लिहिता येईल तसं लिहून ठेवतो.

आमचं गाव सुप्यापासून आत, माळावर. बाजरी, मटकी, हुलगा, आणि पाऊस बरा झाला तर थोडी ज्वारी. बहात्तरच्या दुष्काळाच्या थोडं आधी मुंबईच्या एका शेठनं आमच्या शिवेला लागून माळ विकत घेतला आणि तिथं लोखंडी पाइपांची कंपनी काढली. कंपनीपासून पुणे रस्त्याला यायला तेव्हा नुसती बैलगाडीची चाकोरी होती. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे तुटायचे, ड्रायव्हर शिव्या द्यायचे, आणि आमच्यातली काही माणसं ट्रक ढकलून चहापाणी मिळवायची.

मग इलेक्शन आलं. साहेब उभे राहिले. साहेब आमच्याच भागातले, शेतकऱ्याचेच, बोलायला गोड. त्यांच्या प्रचाराला कंपनीच्या जीपा फिरल्या. पेपर वाचणारी माणसं पारावर सांगायची की कंपन्यांनी पक्षाला देणग्या द्यायला सरकारनं बंदी घातलीय. असेल. जीपच्या दारावरचं कंपनीचं नाव चुन्यानं पुसून टाकलं होतं, पण चुना झडला की खालची अक्षरं वर यायची. मला वाचता येत होतं. बायकोला येत नव्हतं, तरी तिनं एवढंच विचारलं,

"ह्यो शेठ सायबांसाठी येवढ्या जीपा का सोडतोय? त्याच्या घरचं लगीन हाय व्हय?"

"लोकशाही हाय," मी म्हणालो.

"आसंल. पर लग्नात आहेर देनारा परत आहेर बघत आसतोच की."

आहेर आम्हालाही आला. आमच्या भैरोबाचं देऊळ म्हणजे नुसता उघडा चौथरा, वर मंडप नव्हता, जत्रेला लोक उन्हात बसायचे. मतदानाच्या आधी कंपनीनं मंडपाला लोखंडी खांब आणि कोरे करकरीत पत्रे दिले. बसवायला कंपनीचाच फिटर आला. उद्‌घाटनाला साहेब आले, ढोल-ताशा झाला, शेवचिवडा वाटला. आम्ही सगळे त्या पत्र्याखाली उभे राहून वर बघत होतो. नवा पत्रा बघत राहावासा वाटतोच.

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्याकडं भैरोबाला विचारल्याशिवाय काही होत नाही. देवळात घंटा टांगायची असो की जत्रेचा तमाशा ठरवायचा असो, गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना पाणी लावून ज्वारीचा एकेक दाणा चिकटवतो आणि सगळे गप बसतात. उजवा दाणा आधी पडला की देव हो म्हणाला. डावा पडला की नाही. ह्याला आम्ही कौल म्हणतो. पत्र्यांच्या वेळी कौल लावायचा राहून गेला. साहेबांना पुढच्या गावाला जायचं होतं, ढोल वाजत होता, माझ्या तरी ध्यानात आलं नाही. ज्या गावानं साध्या समईसाठी देवाला विचारलं, त्या गावानं एवढ्या मोठ्या छपरासाठी विचारलं नाही.

साहेब निवडून आले. आणि पाऊस आला नाही.

दुष्काळाचं मी फार लिहीत नाही, ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको. विहिरी खडखडीत. जनावरं छावणीत नेऊन बांधली. सरकारनं कामं काढली आणि आमच्या गावाला लांबच्या एका नाल्याच्या कामावर लावलं. बाया डोक्यावर पाट्या वाहायच्या, गडी खणायचे, दुपारी खायला सरकारी सुकडी मिळायची. काम संपत आलं तसं पुढचं काम कोणतं, हा सगळ्यांच्या तोंडी एकच विषय झाला.

पुढचं काम आमच्याच गावाला मिळणार असं सगळे धरून चालले होते. आमच्या ओढ्याला दोन टेकड्यांच्या मध्ये एक चिंचोळी जागा आहे. तिथं बांध घातला तर पाणी अडेल, जमिनीत मुरेल आणि खालच्या सगळ्या विहिरींना पाझर फुटेल. त्याला पाझर तलाव म्हणतात. ओव्हरसियर येऊन जागा बघून, मापं घेऊन गेला होता. तरणा होता, कोकणातला असावा. उन्हानं सोलून निघाला होता बिचारा.

माझ्या मनानं गाव सोडायचं घेतलं होतं. हा उन्हाळा सरला की घराला कुलूप लावून भोसरीकडं जायचं, हमाली करायची. बायकोला सांगितलं. तिच्या माहेरची निम्मी घरं अशीच कुलपं लावून गेली होती, आणि परत कुणी आलं नव्हतं.

"तळं सुरू झालं तर ऱ्हायाचं," ती म्हणाली. "न्हाई झालं तर तुमी म्हनाल तिकडं येते. पर तवर त्या भोसरीचं नाव घरात काढू नका."

असं आमचं ठरलं.

आणि हुकूम आला तो रस्त्याचा. कंपनीच्या गेटापासून पुणे रस्त्यापर्यंत खडी टाकायची, दुष्काळी काम म्हणून. पाझर तलाव मागं ठेवला. सरपंच, मी आणि अजून काही जण एसटीनं नगरला गेलो. साहेब डाक बंगल्यावर होते. त्यांनी बसवलं, चहा दिला. सरपंचांनी तळ्याचं सगळं सांगितलं. साहेब ऐकून घेत होते. मग म्हणाले,

"तुम्हाला मजुरीशी मतलब ना? खड्डा खणला काय अन् खडी फोडली काय, रोज तोच मिळणार."

"सायेब, पर रस्ता तर कंपनीचा हाय," मी म्हणालो.

साहेब हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"अन् भैरोबाचा मंडप कुणाचा आहे? माझ्याकडं बोट दाखवता? कंपनीचं मी एकट्यानंच घेतलं का? तुमचा देव कुणाच्या पत्र्याखाली बसलाय ते आधी बघा."

सरपंच कपातल्या चहाकडं बघत बसले. मिंधं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कुणी मारत नाही, दटावत नाही. नुसतं तोंड उघडत नाही. आम्ही रामराम करून बाहेर पडलो आणि एसटी धरली.

घरी आलो. बायकोनं सगळं खोदून खोदून विचारलं. साहेब काय म्हणाले, सरपंच काय म्हणाले, मी काय म्हणालो.

"मग तुमी काय म्हनला त्येच्यावर?"

"काय म्हननार? खरं बोलला त्यो."

"खरं बोलला ना? मग सोपं हाय. पत्रे काढा."

मी म्हणालो, डोकं फिरलंय का तुझं. ती म्हणाली, असंल. आणि सकाळी कामाच्या आधी तिनं गल्लीतल्या सगळ्या बायका देवळापुढं गोळा केल्या.

सरपंच आले ते तणतणत. सरपंच नात्यानं माझे चुलतभाऊ, तिचे दीर.

"वैनी, देवाला वाह्यलेलं काढत न्हाईत. पाप लागंल आख्ख्या गावाला."

"देवाला वाह्यलंय कुठं, भावजी? वाह्याच्या आदी त्याला इचारावं लागतं." ती गुरवमामांकडं वळली. "मामा, पत्र्यांचा कौल लावला हुता का?"

गुरवमामांनी उपरणं सारखं केलं. "ऱ्हायला."

"ऱ्हायला म्हंजी?"

"म्या म्हनलं हुतं. सरपंच म्हनलं, सायेब खोळंबलेत, मागनं लावू."

बायका फिस्सकन हसल्या. सरपंच लाल झाले.

"मग आता मागनं झालंच की," ती म्हणाली. "लावा."

ह्याला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं. गुरवमामांनी सोवळं नेसलं, कळशीतलं पाणी घेतलं, देवाच्या खांद्यांना लावलं, दाणे चिकटवले आणि मोठ्यानं विचारलं, "भैरोबाराया, मंडपाचं पत्रं तुला मान्य आसंल तर उजवा दे, न्हाईतर डावा दे."

आम्ही बसलो. एरवी एवढ्या उन्हाळ्यात पाणी झटकन वाळतं आणि दाणा पडतो. त्या दिवशी एकही दाणा पडेना. ऊन वर आलं. पोरं पाण्यासाठी रडायला लागली. कामावर जायची वेळ टळून गेली. सरपंच म्हणाले, "देव कोपला." एक म्हातारी हात जोडून रडायला लागली. शेवटी गुरवमामा देवाजवळ वाकून बघायला गेले आणि तिथंच खाली बसले.

"काय झालं, मामा?"

"ह्यो दाना न्हाई पडायचा," ते म्हणाले. "पानीच लई गढूळ हाय. गिलाव्यात बसवल्यागत बसलाय."

तेव्हा आम्ही ज्या झऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरत होतो ते खरोखर तसंच होतं, कालवलेल्या मातीसारखं. पिताना फडकं लावून प्यायचो. तेच देवाच्या अंगावर वाळून घट्ट झालं होतं.

माझी बायको पायरीशी उभी होती. बाईमाणूस म्हणून ती वर गेली नव्हती. तिथूनच म्हणाली, "घ्या. देवाला कौल द्यायला सुदिक चांगलं पानी न्हाई आपल्या गावात. आन आपन त्याच्या डोईवर पत्रा घालून बसलोय."

सरपंचांनी देवाकडं बघितलं. माणूस अडेल होता पण लबाड नव्हता. मग त्यांनी डोक्यावरचा पटका सोडून कमरेला बांधला आणि मला म्हणाले,

"चल रं. पाना हाय का कुनाकडं?"

आम्ही दोघं वर चढलो. पत्रे तव्यासारखे तापले होते, हाताला फडकी गुंडाळून नट काढले. बैल छावणीत, त्यामुळं गाडी जुंपायचा प्रश्नच नव्हता. बायकांनी चुंबळी केल्या आणि दोघी-दोघींनी एकेक पत्रा डोक्यावर घेतला. गडी खांब घेऊन मागं. माळावरून ती रांग निघाली तेव्हा पत्र्यांवर ऊन असं चमकत होतं की कंपनीतले कामगार काम टाकून बाहेर आले. त्यांना वाटलं काय येतंय कोण जाणे.

गेटवर मॅनेजर आले. पुण्याचे होते, पांढरी पँट.

"अहो, हे काय चाललंय? पत्रे कशाला आणलेत?"

"परत द्याला," सरपंच म्हणाले.

"छे छे, असं कसं? देणगी परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही."

पत्र्याखालून माझी बायको बोलली. तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसता आवाज. "आमच्याकडं बी इचारल्याबिगर घ्यायची पद्धत न्हवती. आमची चूक झाली. तुमी तुमची पद्धत मोडा, आमी आमची सुधारतो."

"मला साहेबांना फोन करावा लागेल."

"करा की. बिगीबिगी करा. लई तापलाय पत्रा."

मॅनेजरांनी फोन केला असणार. आम्ही पत्रे गेटाच्या कडेला नीट रचले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आणि परत आलो.

रस्त्याचं काम सुरू व्हायच्या दिवशी आमच्या गावाची माणसं गेली, पण कामाला लागली नाहीत. बायकांनी पाट्या पालथ्या घातल्या आणि त्यांच्यावर बसल्या. आजूबाजूच्या वाड्यांच्या बाया आल्या, त्यांनी विचारलं, काय झालं, आणि त्याही बसल्या. मुकादम हजेरी घ्यायला उभा राहिला तर हजेरी द्यायला कुणी उठेना. एक दिवस गेला. मजुरी बुडली. दुसरा दिवस गेला. मी खोटं सांगत नाही, मला भीती वाटत होती. घरात पीठ संपलं होतं. मी तिला म्हणालो, "उद्या उठू." ती म्हणाली, "तुमी उठा. म्या पालथ्या पाटीवर बसले म्हंजी बसले."

तिसऱ्या दिवशी साहेब आले. सोबत ओव्हरसियर. साहेब जीपमधून उतरले, धुळीतून चालत आले, आणि एक गोष्ट त्यांनी चांगली केली. उभं राहून भाषण केलं नाही. एका पालथ्या पाटीवर बसले.

"काय गं माय, काय पाहिजे तुम्हाला?"

"तळं," बायका म्हणाल्या.

"रस्ता झाला की तळं घेऊ."

"सायेब," माझी बायको म्हणाली, "मजुरी तीच मिळती हे आमाला बी ठाऊक हाय. पर तुमचा रस्ता झाला की आमच्याकडं काय ऱ्हातंय? रस्ता कंपनीकडं जातोय. पानी कंपनीकडं न्हाई जायचं."

"तुमच्या माणसांना मी बोललो होतो डाक बंगल्यावर. तुम्ही पण..."

"व्हय. खरं बोलला. म्हनून तर पत्रे उतरवले. आता आमच्या भैरोबाच्या डोक्यावर नुसतं आभाळ हाय. तुमच्या डोक्यावर काय हाय त्ये तुमी बघा."

मला वाटलं आता साहेब उठून जातील. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, परत घातली. मग एकदम घरच्यासारखं बोलले,

"बाई, तुम्हाला वाटतं मी विकलो गेलो. इलेक्शनला गावोगाव फिरावं लागतं. जीप लागते, पेट्रोल लागतं. ते काय भैरोबा भरतो?"

"मग आमाला का न्हाई सांगितलं?" ती म्हणाली. "छावनीतनं बैल माघारी येऊ द्या. फुडच्या टायमाला गाड्या आमी जुपतो. घरटी एक भाकर देतो. फुकाट. पर मग ज्याच्या गाडीत बसला त्याचं ऐकावं लागतंय. त्ये तुमाला सांगाया नको, तुमी ऐकताच हाय की."

आधी एक बाई हसली, मग सगळ्या. मुकादम तोंड फिरवून हसला. साहेबांना हसावं की रागवावं कळेना, आणि मग ते हसले. चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी प्यायला पाणी मागितलं. आमच्यातल्या एकीनं डबा पुढं केला. साहेबांनी डब्यात बघितलं, त्या मातकट पाण्याकडं, आणि सगळ्यांचे डोळे आपल्याकडं आहेत हे बघून ते प्यायले. सगळं प्यायले. मग ओव्हरसियरला विचारलं,

"ह्यांच्या तळ्याचं कुठवर आलंय?"

ओव्हरसियर चाचरत म्हणाला, "सगळं तयार आहे, साहेब. आपण सांगितलंत म्हणून थांबलं होतं."

आपण सांगितलंत म्हणून, हे सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनीही. ते उठले. "आधी तळं घ्या," म्हणाले. "रस्ता मागनं. शेठला मी बघतो."

शेठला त्यांनी काय सांगितलं मला ठाऊक नाही. रस्ता पुढच्या वर्षी झाला, आणि झाला ते बरंच झालं, पुढं आमची पोरं त्याच रस्त्यानं कंपनीत कामाला गेली. रस्त्याशी आमचं भांडण कधीच नव्हतं. पुढच्या इलेक्शनला आमच्या गावानं आणि वाड्यांनी खरंच गाड्या जुंपल्या. साहेब आमच्या भागात गाडीतून फिरले आणि बाकी तालुक्यात जीपमधून. साहेब सुधारले असं मी लिहिणार नाही. पण आमच्या शिवेत आले की आमचं काम आधी विचारायचे. मंडप गावानं स्वतः घातला, बाभळीच्या लाकडाचा. कौल लावून घातला. गळतो.

तळ्याचं काम सुरू व्हायचं त्या सकाळी ओव्हरसियर त्या चिंचोळ्या जागेत फक्कीनं रेघा मारत होता. बांधाचा पाया किती रुंद ते त्या पांढऱ्या रेघांनी कळतं. आख्खं गाव काठावर बसून बघत होतं. माझी बायको त्याच्या मागोमाग चालत होती.

"आरं बाबा, जरा रुंद मार की. फक्की काय तुझ्या घरची हाय?"

"आक्का, मापानं मारावी लागते."

"बांध टिकंल का पर?"

"टिकेल. थरावर थर नीट दाबला तर तुमच्या नातवंडांनाही पुरेल."

"दाबू की," ती म्हणाली.

मातीचा थर पडला की धुमसानं ठोकून बसवायचा असतो. तो धुमस जड, लाकडी, दोन्ही हातांनी उचलायचा. ते गड्यांचं काम. तिनं तिथंच उभं राहून मुकादमाकडून ते मागून घेतलं, आणि पूर्ण उन्हाळा पाटी सोडून धुमस मारला. एखादा थर कच्चा वाटला की पुन्हा ठोकायला लावायची. लोक वैतागायचे. मी पण वैतागलो. भोसरीचं नाव मी परत काढलं नाही, आणि आमचं सगळं आयुष्य त्याच घरात गेलं.

आमच्या गावात माणूस गेलं की पूर्वी दहाव्याला लांब नदीवर जावं लागायचं, गावात वाहतं काय नि साठलेलं काय, पाणीच नसायचं. आता तळ्यावर करतात. तिचाही दहावा तिथंच झाला. मार्गशीर्ष होता, पाणी काठोकाठ होतं. विधी उरकल्यावर माणसं बांधावरून गावाकडं निघाली. मी सगळ्यांच्या मागं राहिलो आणि बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बघत चाललो. कुठं खचलेला नाही.